अमेरिकेची गोष्ट नेमकी कुठल्या सालापासून सांगायची?

ओसरी
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही रिचमंडला राहतो. आईबाबा सांगलीहून आलेत. लेक चौथीत आहे आणि व्हर्जिनियात चौथीला राज्याचा इतिहास असतो, म्हणून शनिवारी सगळे जेम्सटाउनला जाऊन आलो. मे १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि पोरं इथे उतरली, नदीकाठी तिकोनी कोट उभारला. तो कोट नदीने गिळला असंच पुष्कळ वर्षं समजत होते. १९९४ ला खोदायला सुरुवात केली, तेव्हा खांबांचे काळे डाग मातीत सापडले आणि कोट अजून जमिनीवरच आहे हे कळलं.

तिथल्या संग्रहालयात एका चौदा वर्षांच्या मुलीची कवटी आहे. १६०९-१० च्या हिवाळ्यात वस्तीत तीनशेच्या आसपास माणसं होती, वसंत येईपर्यंत साठेक उरली. आधी घोडे खाल्ले, मग कुत्री, उंदीर, बुटांचं कातडं. त्या मुलीच्या कपाळावर एकमेकांलगत चार घाव आहेत. मेल्यावर केलेले. संशोधकांनी तिला जेन म्हटलंय, खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. आई काचेसमोरून हलेना. पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाली, "कुणाची तरी लेक असेल गं ही."

पुढे चर्चच्या जागेपाशी गेलो. ३० जुलै १६१९ ला इथे लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची सभा भरली, इंग्रजांच्या अमेरिकेतली पहिली. आणि त्याच साली ऑगस्ट संपता संपता नदीच्या मुखाशी पॉइंट कम्फर्टला 'व्हाइट लायन' जहाज लागलं. त्यातून आणलेली वीसेक आफ्रिकी माणसं अन्नधान्याच्या बदल्यात विकली गेली. मध्ये महिनासुद्धा धड गेला नाही.

लेकीने विचारलं, "आजोबा, म्हणजे अमेरिका इथे सुरू झाली ना?" बाबांनी ३४ वर्षं इतिहास शिकवलाय. म्हणाले, "कुणाची, ते आधी ठरव."

घरी येईपर्यंत गाडीत हाच वाद. लेकीला शाळेसाठी कालरेषेचा तक्ता करायचाय आणि पहिला चौकोन अजून कोरा आहे. तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?

बोस्टनकाका
छान लिहिलंयस, लिहिती राहा.

आमच्याकडे कुणालाही विचार, १६२० सांगतील. प्लिमथ, मेफ्लॉवर जहाज, १०२ प्रवासी, आणि पहिल्याच हिवाळ्यात निम्मे गेले. ते ज्यावर उतरले म्हणतात तो खडक बघायला मात्र फार आशेने जाऊ नका. खाली वाळूत एक धोंडा आहे आणि त्यावर १६२० कोरलंय. "हाच तो" असं बोट पहिल्यांदा दाखवलं गेलं १७४१ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, ९४ वर्षांच्या एका म्हाताऱ्याने.

तरी माझं मत १६२० ला, आणि ते खडकामुळे नाही. त्यांच्याकडे परवाना होता व्हर्जिनियाचा आणि जहाज लागलं फार उत्तरेला. तेव्हा काहीजण म्हणायला लागले, की इथे आमच्यावर हुकूम चालवायचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून किनाऱ्यावर उतरण्याआधी ४१ पुरुषांनी कागद केला: आपण सगळे मिळून एक राज्यमंडळ होतो, आपणच कायदे करू आणि ते पाळू. राजाशी निष्ठा त्यात आहेच. पण अधिकार आपल्या संमतीतून येतो, ही गोष्ट साध्या माणसांनी कागदावर सही करून सांगितली. मला ते फार मोठं वाटतं.

गलबत
स्पॅनिश लोकांना विसरलात सगळे! फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन १५६५ चं. जेम्सटाउनच्या ४२ वर्षं आधी तिथे लग्नं, बारशी, भांडणं सगळं सुरू होतं.

निंबोणी
गलबतराव आले म्हणजे आता गोष्ट कोलंबसाच्याही मागे जाणार 😀

कृष्णाकाठ
जायलाच हवी. जेम्सटाउनचे इंग्रज ओसाड जागी उतरले नव्हते. त्या मुलखाला त्सेनाकोमाका नाव होतं. तीसेक जमाती एका प्रमुखाला मानत, त्याला इंग्रज पोहाटन म्हणत. मका त्यांनी दिला म्हणून पहिली वर्षं वस्ती तगली, आणि मका देणं थांबलं तेव्हाच ओसरीने लिहिलेला तो हिवाळा आला. शाळेत पोकाहॉन्टासची गोष्ट गोड करून सांगतात. ती या प्रमुखाची मुलगी. इंग्रजांनी तिला पळवून कैदेत ठेवलं होतं, त्या कैदेतच तिचं धर्मांतर झालं, १६१४ ला जॉन रोल्फशी लग्न झालं आणि १६१७ ला इंग्लंडातून परत निघताना ग्रेव्हसेंडला ती वारली. जेमतेम विशी.

@ओसरी, तू रिचमंडलाच आहेस म्हणून सांगते. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी गव्हर्नरच्या वाड्यापुढे जा. पामंकी आणि मॅटापोनाय जमातींची माणसं हरीण घेऊन येतात आणि गव्हर्नरला देतात. सतराव्या शतकातल्या तहात कबूल केलेली खंडणी, अजून एक वर्ष चुकलेलं नाही असं ते अभिमानाने सांगतात. मी एकदा गेले होते. आडव्या काठीला टांगलेलं हरीण, पिसांचा टोप घातलेले आजोबा, बाजूला पफर जॅकेट घातलेली त्यांची नात. तह आम्ही पाळला, तुम्ही? असं ते न बोलता विचारतायत असं मला वाटलं. या माणसांना "सुरुवात १६०७" म्हणून दाखवा बघू.

ओसरी
@कृष्णाकाठ, इतकी वर्षं इथे राहून हे माहीत नव्हतं. या नोव्हेंबरात नक्की जाणार. बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पाटीपेन्सिल
मी १६१९ म्हणेन, पण ते साल एकटं सांगू नये. १६१९ ला काय झालं यापेक्षा पुढच्या शंभर वर्षांत त्याचं काय केलं, हे मुलांना कळायला हवं.

मुळात होती तंबाखू. रोल्फने १६१२ च्या सुमारास कॅरिबियनकडचं गोड बी आणून लावलं आणि लंडनला भाव मिळाला. तंबाखूला माणूस लागतो: रोप, खुडणी, अळ्या वेचणं, पानं वाळवणं. शिवाय जमिनीचा कस चारपाच वर्षांत जातो, म्हणजे रोज नवी जमीन हवी. म्हणून नियम केला, की जो एका माणसाचं जहाजभाडं भरेल त्याला ५० एकर. गरीब इंग्रज पोरं चारसात वर्षांच्या करारावर येऊ लागली. करार संपेपर्यंत मालक त्यांना विकू शकत होता, मारू शकत होता. आपल्याकडचे गिरमिटिये आठवा. (या कागदांत टोनी नावाचा एक 'ईस्ट इंडियन'ही सापडतो. आपल्यातला कुणीतरी इतक्या लवकर तिथे पोचला होता, आणि तोही कुणाच्या तरी ५० एकरांचा आकडा म्हणून.)

सुरुवातीला आफ्रिकी माणसांचा दर्जा कायद्यात पक्का नव्हता. काही सुटली, काहींनी जमिनीही घेतल्या. ते दार एकेक कायद्याने बंद केलं. १६६२ चा कायदा म्हणतो, मूल आईच्या दर्जाचं. इंग्लंडात तर मूल बापाच्या दर्जाचं असे. हे उलटं का केलं? मालकापासून गुलाम स्त्रीला झालेलं मूल गुलामच राहावं म्हणून. हा कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

मग १६७६ चं बेकनचं गव्हर्नरविरुद्धचं बंड. गोरे करारी मजूर आणि काळे गुलाम एकत्र हत्यार घेऊन उठले आणि जेम्सटाउन जाळलं. (बंडवाल्यांनी आधी पामंकींना कापून काढलं होतं, तेही सांगायलाच हवं.) त्यानंतरच्या तीसेक वर्षांत करारी मजूर कमी झाले, गुलाम वाढले आणि १७०५ ला सगळे कायदे एकत्र बांधून टाकले. म्हणजे गुलामगिरी १६१९ ला जहाजातून तयार होऊन आली नाही, ती त्याच निवडून आलेल्या सभेने एकेक कलम करत घडवली. ओसरीच्या लेकीला एवढं एक वाक्य द्या.

मावळवारा
पाटीपेन्सिल, अभ्यास मान्य. पण हल्ली सगळी अमेरिका गुलामगिरीतूनच सांगायची पद्धत पडलीय ती मला पटत नाही. राजा नको म्हणणारे लोक, वर्तमानपत्रं, ज्यूरी, धर्माच्या बाबतीत सरकारने नाक खुपसू नये म्हणणारा रॉजर विल्यम्स, हे काही कमी आहे का? त्याने १६३६ ला प्रॉव्हिडन्स वसवलं तेव्हा युरोपात धर्मावरून माणसं कापली जात होती. माझं मत १७७६. त्याआधी होत्या त्या इंग्रजांच्या वसाहती, अमेरिका नव्हे.

बोस्टनकाका
१७७६ म्हटलं की चहा आलाच. १६ डिसेंबर १७७३, कराच्या रागाने बोस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या ३४२ पेट्या.

निंबोणी
हे आमच्या सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी आधी विचारलं, "आसामचा होता का?"

गलबत
चिनी होता. आसामात चहाचे मळे लागायला अजून साठेक वर्षं होती. पण भारताचा संबंध आहे, आणि तो फार कडवट आहे.

ईस्ट इंडिया कंपनी १७७२ ला दिवाळ्याच्या काठावर होती आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. म्हणून पार्लमेंटने कंपनीला अमेरिकेत थेट चहा विकायची मुभा दिली. चहा उलट स्वस्त होणार होता! लोकांचा राग भावावर नव्हता. पौंडामागे तीन पेन्सचा कर तसाच ठेवला होता आणि आपले प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटने तो लावला होता. शिवाय एका कंपनीच्या हातात सगळा व्यापार जाणार होता. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने त्या वेळी टोपणनावाने पत्रक काढलं. त्यात त्याने बंगालचा १७७० चा दुष्काळ काढला आणि सांगितलं, की कंपनीने तिथे पिळून लाखो माणसं उपाशी मारली आणि आता तिची नजर आपल्यावर आहे. बंगालच्या माणसांचं मरण बोस्टन-फिलाडेल्फियाच्या चर्चेत होतं, हे आपल्या शाळेत कुणी सांगितलं नाही.

जुनेपाने
कंपनीचा विषय निघालाच आहे तर. ज्याच्या नावाने येल विद्यापीठ आहे तो एलिहू येल बोस्टनला जन्मला आणि १६८७ ते १६९२ मद्रासचा गव्हर्नर होता. १७१८ ला त्याने कनेक्टिकटच्या कॉलेजला पुस्तकं आणि कापडाचे गठ्ठे पाठवले. ते विकून पैसे उभे राहिले आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं.

आता आपला धागा. १६९० ला छत्रपती राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते आणि पैशांची चणचण होती. तेव्हा कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला इंग्रजांना विकला गेला. घेणारा गव्हर्नर हाच येल. किल्ल्यासोबत भोवतालची किती जमीन, तर तोफेचा गोळा जाईल तिथवर. इंग्रजांनी त्यासाठी लांब पल्ल्याची चांगली तोफ मुद्दाम आणली आणि त्या गोळ्याच्या टप्प्यातली गावं घेतली.

शेवंती
येलमध्ये शिकलेल्या भाचीला हे लगेच पाठवलं. तिचं उत्तर: "मावशी, मला शंका आलीच होती."

@मावळवारा, तुमच्याशी भांडत नाही, उलट तुमच्याच बाजूने एक गोष्ट सांगते. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला शेफिल्डमध्ये अ‍ॅशली नावाच्या मातबर माणसाच्या घरी मम बेट नावाची गुलाम बाई होती. एकदा मालकिणीने तापलेलं फावडं दुसऱ्या मुलीवर उगारलं. बेटने हात मध्ये घातला. तो हात जन्मभर अधू राहिला आणि ती तो मुद्दाम झाकत नसे. तिला लिहितावाचता येत नव्हतं. मॅसॅच्युसेट्सची १७८० ची नवी राज्यघटना तिच्या कानावर पडली: सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. ती सरळ थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली आणि विचारलं, यात मी येते ना? १७८१ ला ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने तिला मोकळं केलं आणि वर ३० शिलिंग भरपाई दिली. तिने नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन. दोन वर्षांत दुसऱ्या एका खटल्याने मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामगिरीचा कायदेशीर आधारच काढून घेतला.

अक्षर लिहिणाऱ्यांनी आपल्यापुरतं लिहिलं असेल, पण तिने ते उचललं. माझ्या तक्त्यात पहिला चौकोन कुठलाही असो, १७८१ ला यॉर्कटाउनच्या लढाईच्या वर ही बाई असेल.

मावळवारा
शेवंती, हे माहीत नव्हतं. मनापासून आभार.

हुलगे
जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती तिथली गुलामी नष्ट केल्याबद्दल. आणि जोतीरावांनी तरुणपणी ज्याला वाचलं तो थॉमस पेन म्हणजे १७७६ च्या जानेवारीत पत्रक लिहून अमेरिकेला राजाविरुद्ध पेटवणारा माणूस. पुण्यातल्या माळ्याच्या घरापर्यंत ती ठिणगी आली. मला या धाग्यात सर्वांत जवळचं हेच वाटतं.

पाटीपेन्सिल
+१

गलबत
यॉर्कटाउनचं नाव निघालं म्हणून. तिथे अमेरिकनांना शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस तोच आपला कॉर्नवॉलिस, हे सगळ्यांना ठाऊक आहे ना? १९ ऑक्टोबर १७८१ ला आजारी असल्याचं सांगून तो तलवार द्यायलाही आला नाही, ओ'हाराला पाठवलं. १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन भारतात. १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूसमोर त्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज होती. कबर गाझीपूरला.

लढाई तर एकच होती, तुकडे वेगवेगळे. १७७७ ला साराटोगाला इंग्रज शरण आले, १७७९ च्या जानेवारीत वडगावला आपल्यापुढे तह करावा लागला, १७८१ ला यॉर्कटाउन, १७८२ च्या मेमध्ये सालबाईचा तह. फ्रेंच आरमाराने चेसापीकच्या खाडीचं तोंड बंद केलं नसतं तर यॉर्कटाउन झालंच नसतं, आणि पुढच्याच वर्षी दुसरं फ्रेंच आरमार आपल्या किनाऱ्यावर इंग्रजांना दमवत होतं. पेनसिल्व्हेनियाने १७८२ ला आपल्या लढाऊ जहाजाचं नाव 'हैदर अली' ठेवलं! एप्रिलमध्ये डेलावेअरच्या खाडीत त्याने इंग्रजांचं 'जनरल मंक' पकडलं.

निंबोणी
आणि अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत वाडियांनी बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर लिहिलं गेलं, असं एकदा फॉरवर्ड आलं होतं. खरं का?

गलबत
नाही. मिंडेन मुंबईचं खरं, पण १८१४ ला बाल्टिमोरचा तोफमारा पाहणारा फ्रान्सिस स्कॉट की कैदी सोडवायला आलेल्या अमेरिकी जहाजावर होता. खरी गोष्ट हवी असेल तर ही घ्या: जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईत सागवानाचं 'कॉर्नवॉलिस' बांधलं, १८१३ ला पाण्यात उतरवलं. १८१५ च्या एप्रिलमध्ये त्याने 'हॉर्नेट' या अमेरिकी जहाजाचा पाठलाग केला. हॉर्नेटने तोफा, नांगर, होतं ते सगळं समुद्रात फेकून कसाबसा जीव वाचवला.

मावळवारा
हे सगळं वाचून मी मत बदलतोय. १७७६ नाही, १७८७.

१७७६ ला नुसती फारकत झाली. १७८१ पासूनच्या जुन्या करारनाम्यात काँग्रेसला कर घ्यायचा अधिकारच नव्हता. आयातीवर पाच टक्के घेऊ म्हटलं तर तेरा राज्यांतलं एकटं ऱ्होड आयलंड नाही म्हणालं आणि विषय संपला. लढून आलेल्या सैनिकांना पगार नाही, उलट घरी कर आणि कर्जापायी जमिनीवर जप्ती. त्यांतलाच डॅनियल शेज. १७८७ च्या जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर शेतकरी चालून गेले, तोफ डागली, चार मेले. त्या धक्क्यातून फिलाडेल्फियाची बैठक. मे ते सप्टेंबर, ऐन उन्हाळ्यात, बाहेर शब्द जाऊ नये म्हणून खिडक्या लावून. ५५ आले, नव्या राज्यघटनेवर ३९ जणांनी सही केली. आपल्या सरदारांनाही असं एकत्र बसता आलं असतं तर, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

कृष्णाकाठ
सरदारांशी तुलना मला पटत नाही. तिकडे गावोगाव दीडशे वर्षं सभा भरत होत्या, लोकांना कर ठरवायची सवय होती. आपल्याकडे सरंजाम होते. नुसतं बसून ते झालं नसतं.

आणि त्याच बंद खिडक्यांआड गुलामांना तीनपंचमांश मोजायचंही ठरलं. राज्यांना काँग्रेसमधल्या जागा वाटताना मोजायचे, मत द्यायला नाहीत. १८०० ला जेफरसन निवडून आला त्यात या वाढीव मतांचा हात होता.

मावळवारा
मान्य. सरदारांचं म्हणणं मागे घेतो. तीनपंचमांश माझ्याही घशात अडकतं.

ओसरी
तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. आईने मम बेटची गोष्ट दोनदा वाचून घेतली आणि लेकीला म्हणाली, "हिचं चित्र मी काढते." आईला रांगोळीचा हात आहे, त्यामुळे चित्र सुरेख झालंय. बाही वर सारलेली आणि हातावरचा व्रण दिसतोय.

तक्ता असा झालाय: पहिल्या चौकोनात साल नाही, नुसती नदी, काठावर घरं आणि मक्याचं शेत, खाली "त्सेनाकोमाका". मग १६१९ चे दोन चौकोन शेजारी, चर्च आणि जहाज. बाबांनी सांगितलं, की त्या दोन्हीमध्ये रेघ मारायची नाही. लेकीने १६६२ चं वाक्य लिहायचं ठरवलंय, त्याआधी तिने मला विचारलं, "म्हणजे आई, तुझ्यावरून ठरणार होतं?" मला उत्तर देता आलं नाही, मी तिला जवळ घेतलं.

पुढच्या शनिवारी यॉर्कटाउन. बाबांचा गुडघा दुखतो, फार चालावं लागतं का?

बोस्टनकाका
अजिबात नाही. रणांगणाचा रस्ता गाडीने होतो. नऊ आणि दहा नंबरचे मोर्चे, म्हणजे मातीचे छोटे कोट, मात्र उतरून बघा, १४ ऑक्टोबरच्या रात्री एक फ्रेंचांनी घेतला आणि एक अमेरिकनांनी. शरणागतीची कलमं ठरली ते मूर यांचं घर वाटेतच आहे. घरातून काकांसाठी काठी आणि घडीची खुर्ची घेऊन ठेव.

गलबत
खाली नदीवर 'कॉर्नवॉलिसची गुहा' म्हणून दाखवतात. तो तिथे लपल्याची दंतकथाच आहे, पण काकांना सांगू नका, ते स्वतः ओळखतील.